रक्त येत नाही म्हणजे हिरड्या चांगल्या, असं नव्हे
हिरड्यांच्या आजारावरच्या लेखात हिरड्यांतून रक्त येणं हे पहिलं लक्षण सांगितलंय, ते बरोबरच. पण आपल्या सोलापुरात मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) दातांना लावणाऱ्या बायका किती! तंबाखूतल्या निकोटीनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त फारसं दिसतच नाही आणि आत हाड झिजत राहतं. कळतं तेव्हा दात हलायला लागलेला असतो. मिश्री सोडाच. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशांत तिरका धरून हलक्या हातानं 2 मिनिटं, रात्री झोपतानाही. दातांच्या फटींत फ्लॉस, म्हणजे साफ करायचा बारीक दोरा. दातांवरचं कीटण एकदा कडक झालं की घासून निघत नाही, स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून ते खरवडून काढणंच, करावं लागतं. त्यानं दात सैल होतात ही भीती काढून टाका. कीटणाखाली लपलेली फट आणि आधीच सैल झालेला दात तेव्हा जाणवतो, इतकंच. शुगर (मधुमेह) असलेल्यांनी तर स्केलिंग अजिबात टाळू नये.