सोचीतलं ते सुवर्णपदक दोघींचंच होतं

२०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमधल्या महिलांच्या डाउनहिल शर्यतीचा (बर्फाच्या उतारावरून स्कीवर वेगाने खाली येण्याची शर्यत) विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, "एवढी महागडी यंत्रं, आणि विजेती कोण ते ठरवता आलं नाही?" मला हे ऐकवत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ती शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी: १२ फेब्रुवारी, रोसा खुतोरचा उतार. स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आठवी उतरली, वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद. त्यानंतर एकेक जण खाली येत राहिली आणि ती तळाशी उभी राहून प्रत्येकीची वेळ बघत राहिली. एकविसावी आली स्लोव्हेनियाची टीना माझे. १ मिनिट ४१.५७. ऑलिंपिकच्या अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या, स्कीइंगमध्ये सुवर्णपदक विभागून दिलं गेलं ते तेव्हा पहिल्यांदाच. हातात हात घालून दोघी एकदमच पोडियमवर चढल्या.

आता घड्याळाचं. यंत्रं सहस्रांश सेकंदापर्यंत वेळ नोंदवतातच. पण शतांशानंतरचा आकडा निकालात धरायचा नाही, असा स्कीइंगचा नियम आहे, आणि माझ्या मते तो अतिशय शहाणपणाचा आहे.

हिशोब करून बघा. उतार सुमारे २.७ किलोमीटरचा, म्हणजे सरासरी वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला एक सहस्रांश सेकंद म्हणजे पावणेतीन सेंटीमीटरसुद्धा नाही. शिवाय दोघी एका वेळी धावलेल्याच नाहीत! मधे बारा जणी उतरून गेल्या होत्या. प्रत्येकीच्या स्कीच्या कडांनी बर्फ खरवडला जातो, वळणांवर चर पडतात, ऊन वर चढतं तसा बर्फ मऊ होतो, वाऱ्याची एखादी झुळूक एकीला मिळते, दुसरीला मिळत नाही. सोचीला तर त्या दिवसांत उष्माच होता. अशा उतारावर सहस्रांशाने विजेती निवडली असती तर आपण वाऱ्याला आणि उन्हाला पदक दिलं असतं. स्टार्टला नडगीने काठी ढकलली की घड्याळ सुरू होतं, आणि खाली शरीराचा जो भाग आधी किरण तोडेल त्यावर ते थांबतं. शेवटच्या क्षणी हात किती पुढे होता, यावरून या दोघींत डावं-उजवं करायचं?

जलतरणाने हे फार आधी ओळखलं. १९७२ च्या म्युनिकला ४०० मीटर मेडलेमध्ये (चार प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत) गुन्नार लार्सनने टिम मॅकीला ०.००२ सेकंदाने हरवलं. तलावाच्या दोन लेनच्या लांबीतच त्याहून जास्त फरक असू शकतो! पुढे तिथेही नियम शतांशावर आला. म्हणूनच २०१६ ला रिओमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, ले क्लोस आणि चेह असे तिघं रौप्य घेऊन उभे राहिले. फेल्प्सचं त्यात काही कमी झालं का?

आपण क्रिकेटवाल्यांनी तरी बरोबरीला नावं ठेवू नयेत. २०१९ च्या लॉर्ड्सच्या फायनलमध्ये सामना टाय, सुपर ओव्हर टाय, आणि मग चौकार-षटकार मोजून न्यूझीलंडला हरलेलं ठरवलं. त्या रात्री आपल्यातले किती जण हळहळले होते! विजेता एकच हवा या हट्टापायी निकष उकरून काढला की असंच होतं.

गिसिनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. गुडघ्यांवर एकामागून एक शस्त्रक्रिया झालेली ही मुलगी. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये व्हिसलरच्या उतारावर शेवटच्या उडीला ती भयंकर आपटली होती. टीना माझे त्याच ऑलिंपिकमधून दोन रौप्यपदकं घेऊन परतलेली. यांच्यापैकी एकीला पावणेतीन सेंटीमीटरवरून दुसरी ठरवायचं, ही कल्पनासुद्धा मला सहन होत नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. २०१८ ला प्योंगचांगमध्ये एस्टर लेडेत्स्काने सुपर-जी (डाउनहिलसारखीच, पण जास्त वळणांची शर्यत) जिंकली ती १:२१.११ वेळेत, आणि अ‍ॅना फाइटची वेळ होती १:२१.१२. (याच लेडेत्स्काने आठवड्याभरात स्नोबोर्डचंही सुवर्ण जिंकलं. थक्क करणारी बाई.) मग तो एक शतांश कसा चालतो? लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्य एका शतांशाने गेलं, पण तिथे आठही जणी एकाच क्षणी सुटल्या होत्या. स्कीइंगमध्ये ती सोय नाही. रेषा कुठेतरी ओढावी लागते एवढंच माझं उत्तर आहे, आणि ते फाइटला पुरेसं वाटणार नाही हे मला कळतं. १९८० ला लेक प्लॅसिडमध्ये १५ किलोमीटर क्रॉस-कंट्रीत (स्कीवरून लांब पल्ल्याच्या शर्यतीत) वासबर्गने मिएटोला शतांशाने हरवलं, त्यानंतर त्या खेळाने शतांश सोडून दशांश धरला. अल्पाइनमध्येही असं करा, असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन, वादही घालीन. सहस्रांश आणा म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमणार नाही.