माथेरानची शांतता आपोआप आलेली नाही

थंड हवेच्या ठिकाणी आपण 'शांततेसाठी' जातो, असे सगळेच म्हणतो. मग घाटात गाड्यांच्या रांगेत दोन-दोन तास हॉर्न वाजवतो, वर पोहोचल्यावर पार्किंगच्या जागेवरून भांडतो आणि संध्याकाळी सूर्यास्त पाहायला पुन्हा गाडी काढतो. दोन दिवसांनी परतताना अंग आंबलेले असते आणि फोनमध्ये दोनशे फोटो असतात. अशा बऱ्याच सहली करून झाल्यावर मी आता सुट्टीसाठी बहुतेक वेळा माथेरानलाच जातो, आणि त्याचे कारण तिथली हवा नाही.

हवेचे खरे सांगायचे तर माथेरानची उंची जेमतेम 800 मीटर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने पायथ्याच्या नेरळपेक्षा वर चार-पाच अंशांचाच दिलासा मिळतो. मे महिन्यातल्या दुपारी तिथेही घाम येतो. पॅनोरमा पॉइंट, लुईसा पॉइंट, शार्लट तलाव सुंदर आहेतच. पण दरी, कडे आणि धुके सह्याद्रीत इतरत्रही भरपूर आहे. इतरत्र जे सहजासहजी मिळत नाही ते दस्तुरी नाक्यावर सुरू होते, कारण तिथे आपली मोटार थांबते. त्यापुढे गावापर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी जायचे, घोड्यावर बसायचे किंवा अमन लॉज स्थानकावरून मिनी ट्रेनची शटल पकडायची.

मी चालतो. पहिली दहा मिनिटे पाठीवरच्या पिशवीचा आणि लाल मातीच्या धुळीचा रागच येतो (पांढरे बूट घालून जाण्याचा शहाणपणा मी एकदा केलेला आहे). मग हळूहळू कानांना काहीतरी कमी झाल्याचे जाणवते. मागून हॉर्न वाजणार नाही हे मनाला पटायला थोडा वेळ लागतो, आणि ते पटले की माणूस रस्त्याच्या मधोमध, झाडांकडे बघत, निर्धास्त चालू लागतो. मुले आईबापांचा हात सोडून पुढे पळतात आणि त्यांना कोणी ओरडत नाही. माझ्या लेखी सुट्टी तिथे सुरू होते. हॉटेलची खोली ताब्यात मिळते तेव्हा नव्हे.

ही शांतता निसर्गाने दिलेली नाही, ती माणसांनी नियम करून राखली आहे. 2003 मध्ये माथेरान आणि परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, पण वाहनबंदीची परंपरा त्याहून पुष्कळ जुनी आहे. 1907 पासून नेरळहून वळणे घेत वर येणारी दोन फुटी रुळांची गाडीही अशा बेताच्या वेगाची, की तिच्यात बसून घाई करताच येत नाही. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, त्यामुळे खालपासून गाडीने यायचे असेल तर पावसाळा टाळूनच बेत आखावा.

या नियमाची किंमत मात्र आपण पर्यटक मोजत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याला दोन दिवस चालणे गंमतीचे वाटते. तिथल्या शाळकरी मुलांना, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तेच अंतर वर्षभर कापावे लागते. सिलिंडरपासून भाजीपर्यंत सगळे घोड्याच्या पाठीवर किंवा हमालाच्या डोक्यावर चढते. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा तर 'जुनी मजा' म्हणून मिरवण्यासारखी गोष्ट कधीच नव्हती. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने 2022 च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या तेव्हा हळहळणाऱ्यांत मी नव्हतो. मोजक्या ई-रिक्षा, त्याही आधी गावकऱ्यांसाठी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती, एवढ्याने माथेरान बिघडत नाही. ते बिघडेल ते 'आमची गाडी थेट हॉटेलच्या दारापर्यंत का येत नाही' हा आपला हट्ट कोणी मान्य केला तर.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, किमान दोन रात्री राहा आणि पॉइंटांची यादी पुरी करण्याच्या फंदात पडू नका. मागच्या खेपेला मी दोन दिवसांत तीनच ठिकाणी गेलो. बाकीचा वेळ व्हरांड्यात बसून माकडांपासून चहाची बिस्किटे वाचवण्यात गेला, आणि त्यातही ती जिंकली.