लाइव्ह रॉक आणलात? धुवायच्या भानगडीत पडू नका!

तर मंडळी, वडोदऱ्यात राहून समुद्र घरी आणायचाय ना, मग चार दिवस वाट कसली बघताय, बॉक्स उघडा आणि तो आठ हजारांचा लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीवजंतूंनी भरलेला समुद्रातला दगड, थेट खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये सोडा. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात नाही का, भाडेकरू एकदा आत आला की त्याचा मेहुणा, मेहुण्याचा मित्र असे सगळे आपोआप राहायला येतात आणि तीन पिढ्या हलत नाहीत, तसंच आहे हे. दगड एक, पोटभाडेकरू पन्नास, आणि भाडं शून्य.

काही लोक फार शहाणे असतात. ते म्हणे वेगळ्या बादलीत मिठाचं पाणी करतात, विशिष्ट गुरुत्व (खारटपणा मोजायचा आकडा) नेहमीच्या 1.025 ऐवजी 1.035 पर्यंत घट्ट, त्यात दगड दोन-तीन मिनिटं बुडवून हलवतात, की खेकडे-बिकडे घाबरून खाली पडतात. मग हीटर, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून चार ते सहा आठवडे दगड अंधारात ठेवतात, अमोनिया तपासतात, पाणी बदलतात, रात्री लाल टॉर्च घेऊन बघतात. सहा आठवडे! आपल्याला तर सेव उसळ यायला पाच मिनिटं जास्त लागली तरी दोनदा काउंटरवर जाऊन येतो आपण.

आता महिन्याभरात तपकिरी, काचेसारखी छोटी छोटी फुलं दिसतील. तो एप्टेशिया, फुलासारखा दिसणारा पण झपाट्याने पसरणारा उपद्रवी प्राणी (सी ॲनिमोन). दिसल्या दिसल्या नखाने खरवडा, म्हणजे त्याचा तुकडा तुकडा नवीन फूल होऊन उभा राहतो, एवढी बरकत दुकानातसुद्धा नाही. त्याला मारायला सुईने बुडाशी कालकवासरची (चुन्याची) पेस्ट सोडणारे किंवा त्याला खाणारी पेपरमिंट कोळंबी पाळणारे लोक उगाच बागेची मजा घालवतात. हिरवे चकचकीत फुगे आले, बबल अल्गी म्हणतात त्याला, तर ते टँकमध्येच टचकन फोडा, बबल रॅप फोडतो तसे, मग जिथेतिथे नवे फुगे.

रात्री टँकमधून टक टक असा आवाज आला की मँटिस श्रिंप, म्हणजे ठोसे मारून शिकार करणारा कोळंबीसारखा प्राणी. दुर्लक्ष करा, घड्याळ असेल. मोरपंखी जातीचा ठोसा सेकंदाला 23 मीटरच्या वेगाने बसतो म्हणे, पण पावसाळ्यात विश्वामित्रीच्या मगरी ज्या शहरात सोसायटीच्या गेटपर्यंत येतात तिथे बोटभर प्राण्याला कोण घाबरतं? (सकाळी गोगलगाय मोजू नका फक्त.) आणि तो केसाळ ब्रिसलवर्म नावाचा किडा, जो बिचारा उरलेलं खाणं साफ करतो, त्याला मात्र सगळ्यात आधी पकडा, तेही उघड्या हाताने, बोटात बारीक केस रुतले की आठवण राहते.

हां, एक काका सांगतील की दगड सरळ उकळून काढ. इथे मात्र मस्करी बंद हां. दगडावर झोअँथिड (प्रवाळासारखे छोटे जीव) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष पसरतं, घरचे लोक हॉस्पिटलात गेलेले आहेत असं करून. काकांना चहा उकळायला सांगा.

आणि दुकानापेक्षा जामनगरजवळच्या पिरोटन बेटावरूनच ताजा दगड पिशवीतून आणू असं मनात असेल तर तेही झकास. 1982 पासून तिथे मरीन नॅशनल पार्क आहे, प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्युलमध्ये आहेत, म्हणजे दगडातल्या पाहुण्यांबरोबर वनखात्याचे पाहुणेही घरी येतील.

माझ्या टँकमध्ये आता मासे दोन आणि एप्टेशिया मोजायचे सोडून दिलेत. शेजारच्या मामींना ती फुलं इतकी आवडलीत की परवा वाटी घेऊनच आल्या, म्हणाल्या गुलाबासारखी एक फांदी कापून दे ना, मी लावते. म्हटलं मामी, वाटी कशाला, बादली आणा.