आधी इमारत, मग माणसे: मानसिक आरोग्याचा निधी आणू इच्छिणाऱ्या विद्यापीठांसाठी हितोपदेश

कुलगुरू, अधिष्ठाता, विभागप्रमुख किंवा 'हे तेवढं बघून घ्या' म्हणत ज्यांच्या टेबलावर फाइल सरकवली गेली ते सहायक प्राध्यापक, यांपैकी तुम्ही जे कोणी असाल त्यांचे अभिनंदन. मानसिक आरोग्याचे मनुष्यबळ घडवण्यासाठी सरकारकडे आणि कंपन्यांकडे पैसा आहे, ही वार्ता अखेर तुमच्या व्यवस्थापन परिषदेपर्यंत पोहोचली. आता तो पैसा आणायचा आहे. मनुष्यबळाचे नंतर पाहू.

प्रस्तावाचे पहिले पान सोपे असते. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला आकडा उचलायचा: आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ मध्य प्रदेशात 0.05 आणि केरळात 1.2, हेही त्याच सर्वेक्षणातले, तेही डकवा. एवढ्यावर थांबा. आपल्या जिल्ह्याची माहिती गोळा करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीचे रजिस्टर उघडले, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मंजूर पदे किती आणि भरलेली किती हे विचारले, तर कदाचित असे निघेल की तुमच्या भागाची खरी अडचण मनोविकार परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची आहे. मग प्रस्ताव त्यांच्यासाठी लिहावा लागेल, आणि परिचारिकांच्या पदविका वर्गाच्या उद्घाटनाला मंत्री येतीलच असे नाही.

कायद्याचा आधार हवाच असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 आहे. कलम 31 म्हणते की आंतरराष्ट्रीय निकषांइतके मनुष्यबळ उभे करण्यासाठी सरकारांनी दहा वर्षांत प्रयत्न करावेत. कायदा 29 मे 2018 ला लागू झाला, म्हणजे मुदत 2028 ची. मुदत टळली तर कोणाची खुर्ची हलेल, हे त्या कलमात नाही. त्यामुळे हे कलम निर्धास्तपणे उद्धृत करा.

आता मुख्य गोष्ट. खर्चाचे दोन प्रकार असतात, अनावर्ती आणि आवर्ती. अनावर्ती म्हणजे इमारत, फर्निचर, यंत्रे. आवर्ती म्हणजे पगार, विद्यावेतन, चाचण्यांच्या उत्तरपत्रिका. पहिल्याचा फोटो निघतो, दुसऱ्याचा निघत नाही. निधी कुठे मागायचा हे एवढ्यावरून समजले नसेल तर प्रशासनात तुम्ही नवे आहात.

पूर्वीच्यांनी वाट मळवून ठेवली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा. त्यात मनुष्यबळ विकासाच्या दोन योजना 2009 मध्ये, अकराव्या पंचवार्षिक योजनेत आल्या. 'अ' योजनेत उत्कृष्टता केंद्रे, प्रत्येकी 30 कोटी रुपयांपर्यंत. पहिल्या यादीत अकरा संस्था होत्या आणि पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था त्यांपैकी एक. 'ब' योजनेत पदव्युत्तर विभागांचे बळकटीकरण, एका विभागामागे साधारण एक कोटीपर्यंत. गणित सुबक होते: एका उत्कृष्टता केंद्रातून दरसाल 4 मनोविकारतज्ज्ञ, 16 चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, 16 मनोसामाजिक कार्यकर्ते आणि 20 परिचारिका. पैशात बांधकाम, वसतिगृह, ग्रंथालय, उपकरणे यांच्याबरोबर शिक्षक नेमणे आणि टिकवणे हेही होते. फक्त शिक्षकांचा खर्च योजनेच्या काळापुरता. त्यानंतर राज्याने भार उचलायचा आणि तसे हमीपत्र आधीच द्यायचे.

या हमीपत्राला घाबरू नका. ज्यांच्या सहीने ते जाते ते अधिकारी पाच वर्षांनी त्या खात्यात नसतात. ते खरोखर पाळायचे असेल, तर प्रस्ताव पाठवण्याआधी पदांचा आकृतिबंध वित्त विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागेल, अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष मिळवावे लागेल आणि बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांचा क्रम, तपासून ठेवावी लागेल. एवढे केलेत तर केंद्राचा पैसा संपल्यावर शिक्षक राहतील. पण त्यात दीड-दोन वर्षे जातात, आणि तुमच्या कारकिर्दीची तेवढीच उरली असतील तर कोनशिलेवर नाव पुढच्याचे लागेल. तेव्हा पदे कंत्राटी ठेवा.

पुढचे आपोआप घडते. जाहिरातीत पात्रता पूर्ण टाकायची: चिकित्सा मानसशास्त्रात एम.फिल., भारतीय पुनर्वास परिषदेच्या (चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या नियामकाच्या) केंद्रीय नोंदवहीत नाव, अध्यापनाचा अनुभव. मानधन एकत्रित, करार अकरा महिन्यांचा. अशी पात्रता असलेला माणूस पुण्या-मुंबईत स्वतःचे क्लिनिक चालवून बरे कमावतो, तो येत नाही. तो न आल्यामुळे पर्यवेक्षकांची संख्या भरत नाही. पर्यवेक्षक नसल्यामुळे परिषद जागा देत नाही किंवा असलेल्या कमी करते. जागा नसल्यामुळे पुढचे पर्यवेक्षक तयार होत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तपासणी समितीला फार नम्रपणे सांगा.

तासिका तत्त्वावर माणसे घ्यायचा मार्ग आहेच. तो वर्गातल्या व्याख्यानासाठी बनला आहे. वॉर्डात रुग्णाशेजारी बसून विद्यार्थ्याची मुलाखत ऐकणे, त्याने लिहिलेला वृत्तांत तीनदा परत करणे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या रुग्णानंतर त्या विद्यार्थ्याशी तासभर बोलणे, ही या शिक्षणातली खरी शिकवणी. तिची तासिका कोणत्या रकान्यात धरायची हे लेखा विभागाला माहीत नाही, म्हणून ती धरत नाहीत, आणि म्हणून ती होतही नाही. हा प्रश्न उकरून काढू नका. व्याख्याने भरपूर ठेवा.

उपकरणांत मात्र हात आखडू नका. शरीरातला ताण पडद्यावर दाखवणारे बायोफीडबॅकचे यंत्र घ्या, मेंदूला चुंबकीय उद्दीपन देणारे आरटीएमएस घ्या, एकेरी काचेची निरीक्षण खोलीही बांधा. रोर्शाकच्या शाईडाग चाचणीची दहा कार्डे आणि कामतांच्या मराठी-कानडी आवृत्तीची बिने-कामत बुद्धिमापन चाचणी घेऊन ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येक रुग्णामागे लागणाऱ्या उत्तरपत्रिकांची वार्षिक तरतूद करू नका. त्या उपभोग्य वस्तूंत मोडतात, म्हणजे आवर्ती. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी झेरॉक्स काढतील. यंत्रासोबतचा वार्षिक देखभाल करारही तसाच टाळा. वॉरंटी संपल्यावर यंत्रावर पांढरा कपडा घातला की समितीला ते नवेच दिसते.

नियामकांची ओळख करून घेतलेली बरी, कारण ते चार आहेत. मनोविकारतज्ज्ञ राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पुनर्वास परिषदेकडे, परिचारिका भारतीय परिचर्या परिषदेकडे. उरलेल्यांसाठी 2021 चा अलाइड अँड हेल्थकेअर, म्हणजे संलग्न आरोग्य व्यवसायांच्या, आयोगाचा कायदा, ज्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्य व्यावसायिक असा स्वतंत्र गट आहे: मानसशास्त्रज्ञ (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळून, ते पुनर्वास परिषदेचे), वर्तन विश्लेषक, मनोसामाजिक कार्यकर्ते, एचआयव्ही समुपदेशक वगैरे. चारही पेशे एकाच वॉर्डात, एकाच रुग्णाभोवती उभे राहतात. तुम्ही मात्र चार प्रस्ताव, चार तपासण्या आणि चार वेळा पाहुणचार यांची तयारी ठेवा. एकत्र प्रशिक्षणाचा एकच विभाग काढावा असा विचार मनात आला तर पाणी प्या.

पदवीचे नाव ठरवताना घाई नको. मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची आणि मनोसामाजिक कार्यकर्त्याची व्याख्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.वर बेतली आहे. इतर मान्य अर्हतांना बाजूचे दार ठेवले आहे, तेवढेच. नोव्हेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल.च बंद केली. देशात जी पदवी घेऊन माणूस रुग्ण तपासू शकतो ती देण्यास विद्यापीठांना मनाई झाल्याचे नंतर लक्षात आले, आणि या दोन विषयांना 2025-26 पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्याच्या पुढे पुनर्वास परिषदेचे नवे अभ्यासक्रम आहेत. पाच वर्षांच्या निधीचा प्रस्ताव लिहिताना अभ्यासक्रमाचे नाव पाच वर्षे तेच राहील असे धरून चाला. विद्यार्थ्याने 'माझी नोंदणी होणार ना?' असे विचारलेच, तर परिषदेच्या संकेतस्थळाचा पत्ता द्या. मंजुरीचे पत्र हातात पडण्याआधी प्रवेश उघडू नयेत, असे काही भित्रे लोक म्हणतात. त्यांच्या विद्यापीठांना शुल्क उशिरा मिळते.

दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्र शिकवून हजारो तज्ज्ञ घडवण्याची नामी कल्पना तुमच्याआधी अनेकांना सुचली होती. अनुदान आयोगाने ती 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून थांबवली आहे.

रुग्ण कुठून आणायचे? ही महाराष्ट्रातली खास गंमत. मानसशास्त्राचे आणि समाजकार्याचे विभाग पारंपरिक विद्यापीठांत, वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. म्हणजे विद्यार्थी, शिक्षक आणि रुग्ण यांची गाठ घालायला मंत्रालयात तीन मजले चढावे लागतात. यासाठी सामंजस्य करार करा, आणि तो दोन पानांचाच ठेवा. आठवड्याला किती विद्यार्थी, कोणत्या वॉर्डात, रुग्णालयातला पर्यवेक्षक कोण, त्याला मोबदला कोण देणार, रुग्णाने विद्यार्थ्यासमोर बोलायला नकार दिला तर काय, काही अघटित घडल्यास जबाबदारी कोणाची, असे तपशील घातले तर दोन्ही बाजूंचे विधी विभाग जागे होतील. त्यापेक्षा 'परस्पर सहकार्य वृद्धिंगत करणे' पुरे. पहिल्या बदलीनंतर नवे अधीक्षक 'हे काय आहे?' असे विचारतील तेव्हा फोटो दाखवा.

पैसा येऊ लागला की शिस्त लागते. केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा 2021 पासून राज्याच्या एकल नोडल एजन्सीच्या एकाच खात्यातून फिरू लागला आणि पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन वित्त प्रणालीवर दिसू लागला. आपल्या बँकेत ठेव ठेवून व्याजावर कार्यशाळा करायचे दिवस सरले; अनुदानावरचे व्याज केंद्राच्या संचित निधीत भरावे लागते. पहिला हप्ता फेब्रुवारीच्या अखेरीस पोहोचला तर गोंधळू नका, सगळी रक्कम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे अनामत म्हणून वळती करा आणि उपयोगिता प्रमाणपत्रात खर्च दाखवा. लेखापरीक्षक म्हणतील की अनामत म्हणजे खर्च नव्हे, दुसरा हप्ता अडकेल, छताचे काम लिंटेलपर्यंत येऊन थांबेल. कामाच्या टप्प्यांप्रमाणे रक्कम मागणे, दर तिमाहीला खर्चाचा ताळा घेणे, वर्ष संपताच उपयोगिता प्रमाणपत्राचा 12-अ नमुना भरायला घेणे, असा कंटाळवाणा मार्गही आहे. त्यासाठी कायम नेमणुकीचा एक लेखापाल लागतो, आणि पगार आवर्ती असतो हे तुम्हाला आता पाठ झाले असेल.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत हा जाच कमी. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे असतात. हा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी तुमच्या संस्थेकडे असेल की काम झाले. 'सलग चालणारा' प्रकल्प सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, मंजुरीला एक वर्ष: म्हणजे एक तुकडी पुरी, दुसरी अर्धी. अर्ध्या तुकडीचे विद्यावेतन कुठून द्यायचे हा प्रश्न करारात घालू नका. एम.डी.च्या निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते. त्याच वॉर्डात तितकेच तास उभ्या राहणाऱ्या मानसशास्त्राच्या प्रशिक्षणार्थीकडून अनेक ठिकाणी उलट शुल्क घेतले जाते. गरीब घरातली, मराठी-अहिराणी-कोरकू बोलणारी मुले त्यामुळे अर्जच करत नाहीत आणि निवड प्रक्रिया सुटसुटीत होते.

एवढे करूनही आकडे कमी भरले तर 10 ऑक्टोबर आहे. जागतिक मानसिक आरोग्य दिनी सभागृहात एक दिवसाची कार्यशाळा घ्या: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर दोन व्याख्याने, जेवण, प्रमाणपत्र. नाव नोंदवलेले सगळे 'प्रशिक्षित'. दोन वर्षांत सोळा माणसे तयार करण्यापेक्षा पाच तासांत तीनशे तयार करणे कार्यक्षम आहे, हे अहवालाच्या तक्त्यात आपोआप सिद्ध होते. तक्त्यात कालावधीचा रकाना तेवढा ठेवू नका. संसदेतल्या उत्तरांचा कित्ता गिरवा: 25 उत्कृष्टता केंद्रे मंजूर, 19 शासकीय संस्थांतल्या 47 पदव्युत्तर विभागांना साहाय्य. तिथून बाहेर पडलेले किती आणि ते आज कुठे काम करतात, हे त्या ठरावीक वाक्यात नसते.

आणि समजा, सगळ्या अडथळ्यांतून एखादी तुकडी खरोखर बाहेर पडलीच. शेजारच्याच जिल्ह्यात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची जाहिरात येईल: पद एक, करार अकरा महिने, मानधन एकत्रित, मुलाखतीला स्वखर्चाने हजर राहावे. तुमची विद्यार्थिनी शैक्षणिक कर्जाचा हप्ता पाहून बंगळुरूच्या खाजगी रुग्णालयात रुजू होईल. तिचा फोटो मागवून घ्या आणि प्रवेशाच्या फ्लेक्सवर कुलगुरूंच्या फोटोपेक्षा थोडा लहान छापा.