नुकसान करून घ्या, पण वेळेत

शेतकरी बंधूंनो, प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आपल्याला भक्कम संरक्षण आहे. मात्र ते पदरात पाडून घ्यायचे, तर पीक नीट कसे वाया घालवावे हे आधी शिकले पाहिजे. मी दोन एकर सोयाबीन देऊन शिकलो, आपल्याला फुकट सांगतो.

पहिले पथ्य असे, की अतिवृष्टी शक्यतो सोमवारी सकाळी, मोबाइल पूर्ण चार्ज असताना करून घ्यावी, कारण नुकसान झाल्यापासून ७२ तासांत त्याची पूर्वसूचना विमा कंपनीला द्यावी लागते. २०२४च्या सप्टेंबरमध्ये मी हे पथ्य पाळले नाही. वीज तीन दिवस नव्हती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल लावून, गुडघाभर पाण्यात उभे राहून मी फोटो काढले, तर ॲपवरचे चक्र फिरतच राहिले, टोल फ्री क्रमांक लागेना, आणि शेवटी तक्रार नोंदली गेली ती ७६व्या तासाला. गेल्या आठवड्यात, चौथ्या हेलपाट्यात, कागद हाती आला : ‘पूर्वसूचना मुदतबाह्य’. शेजाऱ्याने सूचना वेळेत दिली होती. त्याच्याकडे पाहणीला माणूस आला विसाव्या दिवशी, आणि शेतात पाणी दिसत नाही अशी नोंद करून गेला. शेजाऱ्याने ते पाणी जपून ठेवायला हवे होते, ही चूक त्याचीच.

गारपीट झालीच तर ती संपूर्ण महसूल मंडळात, म्हणजे विम्याचा हिशेब ज्यावर होतो त्या गावांच्या गटात, सारखी पडेल, एवढे पाहावे.

सावकाराकडे जाताना महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ची प्रत सोबत न्यावी. विनापरवाना सावकार ती पाहताच महिना पाच टक्क्यांचे व्याज सोडून देतो आणि वर चहा पाजतो.

आता तर कटकटच मिटली आहे. खरीप २०२५पासून राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला, खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्यावर ठेवला आणि गारपीट, शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीची भरपाई योजनेतून काढून टाकली. भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या काही निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर मिळणार. तेव्हा आपले शेत बुडाले, तर आसपासच्या गावांचीही बुडावीत आणि मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे मागल्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीच्या, खाली जावी, अशी प्रार्थना करावी. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

चार तासांच्या उशिरासाठी दावा फेटाळणाऱ्यांनो, मार्गदर्शक सूचनांत तुमच्याही मुदती आहेत. सर्वेक्षक ४८ तासांत नेमायचा, पाहणी पुढच्या दहा दिवसांत करायची, भरपाई त्यानंतर पंधरा दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर १२ टक्के व्याज मोजायचे, हे कुणी लिहिले आहे? माझ्या गावात यातली एक तरी मुदत पाळली का? तुमचे दहा दिवस रबराचे आणि आमचे ७२ तास पोलादाचे, हा सरळसरळ निर्लज्जपणा आहे. शेजाऱ्याच्या शेताचा सर्वेक्षण अहवाल तारखेसह आणि सहीसह दाखवा, मग माझ्या चार तासांविषयी बोला.