आवाज गेला नाही, खाली उतरलाय

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिच्यावरच्या एका लेखातलं ‘जोनी मिचेलचा आवाज गेला, चाहते आता फक्त जुन्या आठवणींसाठी येतात’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. तिचं ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणं १९६९ च्या ध्वनिमुद्रणात ऐका, मग २००० सालचं ऐका. पहिल्यात पंचविशीतली मुलगी आयुष्याच्या दोन्ही बाजू पाहिल्याचं सांगते. गोड वाटतं, खरं वाटत नाही. दुसऱ्यात तेच शब्द खर्जात, थांबत थांबत येतात आणि काळजात रुततात. मी तर आता पहिलं लावतच नाही (बायको लावते, तो वाद वेगळा).

आणि २०१५ च्या मेंदूच्या आजारानंतर स्वतःचेच जुने व्हिडिओ पाहून बोटं कुठे ठेवायची हे नव्यानं शिकलेली बाई २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाच्या मंचावर गिटार वाजवते, त्याबद्दल त्या लेखात एक ओळही नाही?