घरच्या रेकॉर्डिंगला लाखाचा कॉम्प्युटर? त्या मेसेजची चिरफाड

नवरात्र जवळ आलं की नागपुरातल्या भजनी मंडळांच्या, ऑर्केस्ट्रावाल्यांच्या आणि भीमगीतं गाणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मूळ लिहिणारा कोण, कुणालाच ठाऊक नाही. "भाऊ, पाहून घेजो" म्हणत जो तो पुढे ढकलतो. मजकूर थोडक्यात असा: घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर ८०-९० हजारांच्या खालचा कॉम्प्युटर घेऊच नका. मिनी पीसी (वीतभर आकाराचे छोटे कॉम्प्युटर) म्हणजे ऑफिसात टायपिंग करायचे डबे. ग्राफिक कार्ड आणि ३२ जीबी रॅम नसेल तर आवाज अडकतो. प्रोसेसर कमजोर असला की हेडफोनमध्ये आवाज मागून येतो. १९२ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं नाही तर मोबाईलवर केल्यासारखं वाटतं. साउंड कार्ड आतलंच हवं. डब्याचा पंखा माइकमध्ये येतो. एवढा पैसा नसेल तर मॅक घ्या, नाहीतर नाद सोडा.

हे "नाद सोडा" वाचून लिहायला बसलो. पेटी, तबला, खंजिरी आणि दोन गळे, एवढंच ज्याला टिपायचंय त्याच्या कामात कॉम्प्युटरवरचा भार सगळ्यात कमी असतो. पैसा खातो तो माइक, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला यूएसबीनं जोडणारी पेटी) आणि खोली.

ग्राफिक कार्डाचं आधी उरकून टाकू. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं काम प्रोसेसर करतो. ग्राफिक कार्ड फक्त पडदा रंगवतं. उलट मोठं कार्ड म्हणजे जास्त वीज, आणखी पंखे, आणि कधीकधी त्याच्याच ड्रायव्हरमुळे (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममुळे) आवाजात टकटक. गेम खेळायचे असतील तर खुशाल घ्या.

आता "टायपिंगचे डबे". २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटचा) एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माइकचं रेकॉर्डिंग, मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा घेतो. आठ माइक एकाच वेळी लावले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही. तासभर सलग भजन चाललं तर चार जीबीच्या थोडं वर. हे काम दहा वर्षं जुनी हार्डडिस्कही करते, एसएसडीला तर जाणवतही नाही. पुढे मिक्सिंगला ट्रॅकवर इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असे इफेक्ट चढवले की प्रोसेसर कामाला लागतो, पण १२-१५ ट्रॅकच्या भजनाला इंटेलचा सहा कोरचा जुना आय फाइव्ह प्रोसेसर पुरून उरतो. इंटेलचा एन१०० हा २०२३ मधला ६ वॅटचा छोटा प्रोसेसर मात्र चार साध्या कोरचा आहे. नवीन स्वस्त मिनी पीसीत तोच सर्रास दिसतो. दोन-चार ट्रॅक आणि हलके इफेक्ट असतील तर चालेल; त्याच्याकडून स्टुडिओची अपेक्षा करू नका.

रॅमचं गणितही तसंच. माइकचा आवाज डिस्कवर जातो, रॅममध्ये साठून राहत नाही. रॅम खातात त्या सॅम्पल लायब्ररी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वाजणारी सतार, व्हायोलिनचा ताफा वगैरे. आपली पेटी लाकडाची आणि समोर ठेवलेली असेल तर १६ जीबी भरपूर झाले. फक्त गळा आणि पेटी असेल तर ८ वरही निभतं.

आवाज मागून येतो ही तक्रार मात्र खरी आहे. हेडफोन लावून गाताना स्वतःचाच आवाज उशिरा कानात आला की चांगला गाणाराही तालातून सुटतो. फक्त दोष चुकीच्या माणसावर टाकलाय. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "बफर" नावाचा एक आकडा असतो: ६४, १२८, २५६, असं १०२४ पर्यंत आणि पुढेही. तेवढे नमुने गोळा झाल्याशिवाय कॉम्प्युटर आवाज पुढे सोडत नाही. ४८ किलोहर्ट्झला १२८ म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद. जाता एकदा, येता एकदा, वर इंटरफेसचा थोडा वेळ. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीची थापही गवयाला १० मिलिसेकंद उशिराच ऐकू येते, आणि त्यावर आजवर कुणाचं भांडण झालेलं नाही.

खरा घोळ होतो तो विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरल्यानं. यासाठीच स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये एएसआयओ आणलं, म्हणजे सॉफ्टवेअर आणि इंटरफेसमधली आवाजाची थेट वाट. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा, गाताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला बसलात की १०२४ करा. तेही नको असेल तर बहुतेक इंटरफेसवर "डायरेक्ट मॉनिटर"चं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत न जाता तिथूनच हेडफोनात वळतो. मग मागे आय थ्री आहे की आय नाइन, कानाला काही कळत नाही. त्यावरही टकटक येत असेल तर रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करून पाहा. लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम कोणता ड्रायव्हर अडवतोय ते नावानिशी सांगतो.

१९२ किलोहर्ट्झ: सीडी १९८२ पासून ४४.१ वर चालते आणि त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरते. माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. ४८ च्या तुलनेत १९२ ला फाइल चौपट, प्रोसेसरवर भार चौपट. म्हणजे हा मेसेज आधी भार वाढवायला सांगतो आणि मग महाग मशीन घ्यायला. ४८ ला २४ बिट ठेवा.

आतल्या साउंड कार्डाचा सल्ला वीस वर्षांपूर्वीचा आहे. मिनी पीसीच्या माइकच्या भोकात स्टुडिओचा कंडेन्सर माइक चालतच नाही. त्याला ४८ व्होल्ट लागतात, ते यूएसबी इंटरफेस देतो. यूएसबी अपुरं पडेल ही भीतीही फोल आहे. आठ ट्रॅकना सेकंदाला ९ मेगाबिटच्या आसपास लागतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० आहे. फक्त इंटरफेस हबमध्ये नाही, थेट मशीनला लावा.

आणि पंखा. नागपुरात मे महिन्यात माइकमध्ये मिनी पीसीचा पंखा ऐकू येतो म्हणणाऱ्यानं आधी खिडकीतला डेझर्ट कुलर बंद करावा. कुलरची घरघर, पंपाचं पाणी, छताच्या पंख्याची कुरकुर, यांच्यापुढे तो वीतभर डबा काय आवाज करणार! कुलर बंद केला की नवतपात (मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत) खोली भट्टी होते, म्हणून इथली शहाणी माणसं पहाटे गातात. उरलासुरला आवाज टाळायला मशीन टेबलाखाली दूर ठेवा आणि माइकची पाठ त्याच्याकडे करा. कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज धरणाऱ्या माइकला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. बिनपंख्याचे डबे शांत असतात, पण पारा ४५ वर गेल्यावर तापून वेग कमी करतात आणि नेमकी तेव्हाच टकटक सुरू होते. विदर्भासाठी छोटा पंखा असलेलाच बरा.

मॅकबद्दल माझं वाकडं काही नाही. १६ जीबीचा एम४ मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात ५९,९०० ला आला, सोबत गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट, आणि तो या कामाला फार चांगला आहे. पण "पैसा नसेल तर मॅक" हा कुठला हिशोब? बाजारात स्वस्तात दिसणारा २०१४ चा मॅक मिनी तर टाळाच. तो मॉन्टेरे या जुन्या मॅकओएसच्या पुढे जात नाही.

मेसेज एका ठिकाणी बरोबर आहे. नाटकाचं, लघुपटाचं पार्श्वसंगीत पूर्ण वाद्यवृंदासकट कॉम्प्युटरच्या आतच रचणाऱ्याला ३२ जीबी आणि दमदार प्रोसेसर लागतोच. त्यानं मिनी पीसीत पैसे घालवू नयेत.

बाकीच्यांनी ऑफिसांतून निघालेले, रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला आलेले) छोटे डेस्कटॉप पाहावेत: लेनोव्होचा थिंकसेंटर एम७२०क्यू, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी४ मिनी. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला (तारीख नागपूरकराला धम्मदीक्षेच्या दिवसामुळे पाठ असते) आणि विंडोज ११ त्याआधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. आय५-८५००टी मिळाला तर सहा कोर, ३५ वॅट, बास. दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगा. थिंकसेंटरला मागे एकच स्क्रू असतो. आत रॅमच्या दोन्ही जागा, एसएसडी आणि पंख्यातली धूळ पाहा. अॅडॉप्टर मूळ कंपनीचाच मागा. लोकल अॅडॉप्टर आणि घरची कच्ची अर्थिंग एकत्र आली की पेटीच्या मागे ५० हर्ट्झचा गुणगुणाट बसतो, आणि तो काढायला सॉफ्टवेअरमधलं कुठलंही प्लगइन नीट कामी येत नाही.